ऐकणावळ

दत्ताअण्णांच्या गॅरेजात मोटारसायकल आधी ऐकली जाते, मग दुरुस्त होते. आणि ऐकण्याचे पैसे वेगळे पडतात. पन्नास रुपये. ऐकून झाल्यावर तुम्ही दुरुस्ती करून घ्या, नका घेऊ, दुसऱ्या मेकॅनिककडे जा, नाहीतर गाडीच विकून टाका. अण्णांनी ऐकली म्हणजे पन्नास रुपये झाले. या आकाराला त्यांनी स्वतःच नाव ठेवलं आहे: ऐकणावळ.

“सोनाराला घडणावळ देता. गिरणीत दळणावळ देता. मग माझी ऐकणावळ द्यायला काय झालं?”

हे मराठी गिऱ्हाइकासाठी. पण हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत मराठी गिऱ्हाईक क्वचित येतं. बाकीचे तेलुगू बोलतात नाहीतर दखनी, आणि त्या दोन्हींत इतका नेमका शब्द अण्णांना अजून सापडलेला नाही. ती उणीव ते आवाजाने भरून काढतात. अण्णांचा आवाज इतका मोठा आहे, की समोरच्या मेडिकलवाल्याला त्यांच्या प्रत्येक बिलाची माहिती असते.

“सुनने के कायकू पैसे, अन्ना?” गिऱ्हाईक विचारतं.

“तो नक्को सुनाओ,” अण्णा म्हणतात आणि पाना हातात घेऊन दुसऱ्या गाडीकडे वळतात. गिऱ्हाईक थोडा वेळ घुटमळतं. कुणी जातं, कुणी राहतं.

जे राहतात त्यांना गाडी मधल्या स्टँडवर लावून चालू करावी लागते आणि मागे सरकावं लागतं. अण्णा एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, त्याचं टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि मान तिरपी करून उभे राहतात. शेजारी स्टुलावर सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मेथी निवडत नाहीतर लसूण सोलत बसलेल्या असतात. गाडी चालू झाली की नेमकं त्याच वेळी वहिनींना घरातलं काहीतरी आठवतं. त्या उठून अण्णांच्या डाव्या कानाशी जातात आणि जोंधळे पाखडायचे, शेंगदाण्याची चटणी वाटायची, असं काहीबाही हातवारे करून सांगतात. अण्णा “हौ, हौ” म्हणतात, गाडी बंद करायला लावतात आणि निदान जाहीर करतात.

सुरुवातीला मला वहिनींचा राग यायचा. माणूस इतक्या एकाग्रतेने काम करतो आहे, आणि यांचं जोंधळ्याचं काय चाललं आहे? अण्णा मात्र कधी चिडले नाहीत. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर चिडणारा हा माणूस बायकोच्या जोंधळ्यांवर चिडत नाही, याचं मला कौतुक वाटायचं.

मी देगलूरकडचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांच्या पाठीवर आमचं सगळं घर शिकलं असं म्हणायला हवं, पण शिकलो मी एकटाच. बाकीच्यांनी मला शिकू दिलं. बी.कॉम. झालो, आबिड्सला औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागलो आणि अण्णांच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. एक जुनी मोटारसायकलही घेतली. माझी पदवी ऐकल्यापासून अण्णा मला “बीकॉम” अशीच हाक मारतात. “ओ बीकॉम, खाली या जरा,” अशी हाक गल्लीत घुमली की मला संकोच वाटतो, पण मनातून बरंही वाटतं. ती पदवी मिळायला पुष्कळांनी पुष्कळ सोसलं आहे. कुणीतरी तिचा रोज उच्चार करतं, हे चांगलंच आहे.

आमच्या घराण्यात पदवीधर मी एकटा असल्यामुळे जगातली कुठलीही माहिती माझ्यापाशी असते, असा गावाकडे समज आहे. एकदा मामांचा फोन आला. त्यांच्या मुलाला मोटारसायकलचं काम शिकायचं होतं. हैदराबादेत मेकॅनिकला महिन्याला किती सुटतात, ते विचारून कळव म्हणाले. मी साधेपणाने खाली गेलो आणि अण्णांना विचारलं.

अण्णांनी हातातला प्लग खाली ठेवला. माझी पगार किती, असा उलट सवाल केला. मी सांगितली. मग म्हणाले, पाऊस पडला तर ती कमी होते का? रस्ता खणला तर? गुडघा दुखला तर? समोर कुणी फुकट तपासणीचा बोर्ड लावला तर? मी नाही म्हणालो. “मग तुम्हाला कळायचं नाही,” ते म्हणाले, आणि मला कळावं म्हणून पुढे बराच वेळ बोलत राहिले.

मेकॅनिकची कमाई हातावर असते हा लोकांचा भ्रम आहे, असं त्यांचं म्हणणं. ती जागेवर असते. हमरस्त्यावर शटर असेल तर गिऱ्हाईक येतं, पण कमाई भाडं खातं. गल्लीत असेल तर भाडं कमी आणि गिऱ्हाईकही कमी. दुसऱ्याकडे कामाला राहिलं तर भाड्याची काळजी नाही, पण पगार मालकाच्या मर्जीने वाढते, म्हणजे वाढत नाही. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, वायरी आणि डबे आले. ते ज्याला येतं त्याला चार पैसे जास्त. बॅटरीवरच्या गाड्यांना तर इंजिनच नाही. आणि या सगळ्याच्या वर कमिशन. सुट्या भागांचा दुकानदार प्रत्येक चेनसेटमागे मेकॅनिकचा वाटा काढून ठेवतो. ज्याला पोट भरायचं आहे त्याने हात कमी चालवावा आणि पार्ट जास्त बदलावेत.

“फुकट तपासणारा असतो ना, त्याला तुमच्या गाडीत काहीतरी सापडणारच. त्याला बायकापोरं नाहीत का? मी पन्नास घेतो म्हणून मला म्हणता येतं, की बाबा, गाडीला काही झालेलं नाही, घरी जा.”

मला हे म्हणणं इतकं पटलं, की मी ते सगळं मामांना फोनवर सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बी.कॉम. होऊन एक आकडा सांगता येईना तुला?”

तर अण्णांची खरी भांडणं व्हायची ती गाडीला काहीच झालेलं नसेल तेव्हा. हे मी स्वतः पाहिलेलं आहे आणि आठवलं की अजून डोकं तापतं. एका रविवारी एक तरुण भली मोठी गाडी घेऊन आला. तिच्या किमतीत आमच्या गावाकडे दोन खोल्या बांधून होतील. कुठूनतरी कट-कट आवाज येतो म्हणाला. अण्णांनी ऐकली. वहिनी मध्येच उठून, कढईवरचं झाकण नीट बसलेलं नाही असं काहीतरी सांगून गेल्या. अण्णांनी नंबरप्लेटचा सैल स्क्रू दोन पिळांत आवळला आणि सांगितलं, की इंजिन ठणठणीत आहे, जा. फक्त पन्नास रुपये.

तो तरुण पाच मिनिटं वाद घालत होता. काहीच केलं नाही तर पैसे कशाचे, हा त्याचा मुद्दा. कुणी चेन बदलून हजारो रुपये घेतले असते तर त्याने मुकाट्याने दिले असते, कारण हातात जुनी चेन तरी मिळाली असती. त्याला नवा खर्च चालत होता. खर्च वाचवण्याचा खर्च चालत नव्हता. हातात बिर्याणीच्या पार्सलची पिशवी होती. त्या बिर्याणीच्या किमतीत अण्णांनी त्याच्या गाडीचं अख्खं कुटुंब ऐकलं असतं. मला राहवेना म्हणून मी मध्ये पडलो आणि म्हणालो, की डॉक्टरने तपासून काही नाही सांगितलं तर आपण फी देतो आणि देवाचे आभार मानतो. तो म्हणाला, हे काय डॉक्टर आहेत का?

पैसे त्याने फेकले. अक्षरशः फेकले. नंतर घरी जाऊन मोबाइलवर गॅरेजला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, की म्हातारा ओरडतो आणि उभं राहण्याचे पैसे घेतो. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. पाचातला एकच का, असं त्यांनी विचारलं. त्यापेक्षा कमी देताच येत नाही, असं मी सांगितलं. “म्हणजे त्याला तिथंबी काहीतरी द्यावंच लागलं,” ते समाधानाने म्हणाले.

मला खरी गोष्ट कळली ती वहिनी भैंशाला भाचीच्या लग्नाला गेल्या तेव्हा. माझ्याच गाडीतून विचित्र आवाज यायला लागला होता. खाली नेली तर अण्णा म्हणाले, आज ऐकणं बंद आहे. उद्या या. उद्या गेलो तर परवा या. चाक काढणं, ब्रेक, ऑइल, पंक्चर, सगळं चालू होतं. फक्त ऐकणं बंद. मी म्हणालो, अण्णा, मी शेजारी आहे, मला कशाला ताटकळत ठेवता? तेव्हा त्यांनी नाइलाजाने स्क्रूड्रायव्हर घेतला, कानामागे लावला, बराच वेळ उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “गुरुवारी ती येईल. गुरुवारी बघू.”

गुरुवारी वहिनी आल्या. अण्णांनी गाडी चालू करायला लावली. वहिनी स्टुलावरून उठल्या, इंजिनाशी वाकल्या, मग अण्णांच्या कानाशी जाऊन दोन्ही हातांनी सूप धरल्यासारखं करून पाखडलं. “जोंधळे. बारीक. खडे नाहीत.”

“टॅपेट,” अण्णा म्हणाले.

इतके महिने मी ज्याला संसाराच्या गप्पा समजत होतो, ते गाडीचं निदान होतं. जोंधळे पाखडणं म्हणजे टॅपेट सैल. शेंगदाणे वाटणं म्हणजे चेन गेली. भाकरी थापल्यासारखं पिस्टनचं, जात्याची घरघर बेअरिंगची. वहिनींना इंजिनातला एकही भाग ओळखता येत नाही, आणि अण्णांना त्यातला एकही आवाज नीट लागत नाही. आयुष्यभर सायलेन्सरशेजारी बसून उजवा कान गेला होता, डावा अर्धा राहिला होता. वरचे बारीक आवाज तर पार गेले होते. आवाज मोठा का, तेही मला तेव्हाच कळलं; त्यांना स्वतःचा आवाज तेवढा केल्याशिवाय ऐकू येत नव्हता.

कानाचं मशीन होतं. ते शर्टाच्या खिशात असायचं आणि फक्त लग्नकार्यात कानात जायचं. गॅरेजात पाना पडला की त्यातून भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं होतं, अशी त्यांची तक्रार.

वहिनींनी मला बजावलं, की भाऊजी, हे कुठं बोलू नका. मेकॅनिक बहिरा आहे म्हटल्यावर गाडी कोण आणून लावेल? आणि त्याच दिवशी हेही कळलं, की ऐकणावळीचे पन्नास रुपये अण्णांच्या गल्ल्यात जातच नाहीत. ते वहिनींचे. “ऐकतं कोण? ती. मग पैसे कुणाचे?” अण्णांनी मला विचारलं, जणू मीच ते नाकारले होते. त्या पैशांचं वहिनी काय करतात, ते त्यांनी कधी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पगारीची चौकशी करणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं.

त्यानंतर मात्र गिऱ्हाइकांनी ऐकणावळीवर घासाघीस केली, की माझाही पारा चढायला लागला. या शहरात कानात घालायच्या यंत्रासाठी लोक हजारो मोजतात, आणि दुसऱ्याचा कान वापरून घ्यायचे पन्नास रुपये जड होतात.

मग घरमालक आला. शेजारच्या इडली-डोशाच्या टिफिन सेंटरला जागा वाढवायची होती आणि गॅरेजच्या भाड्याच्या दुप्पट द्यायची त्यांची तयारी होती. अण्णांनी महिनाअखेरपर्यंत तेवढं द्यावं नाहीतर जागा सोडावी. इकडे घरी येऊन गाडी फुकट तपासणाऱ्या पोरांमुळे गिऱ्हाईक आधीच कमी झालेलं. वहिनींनी ठरवून टाकलं, की आता नोकरी. एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अनुभवी माणूस हवा होता. महिन्याला ठरलेली पगार, पीएफ, आजारपणाचा विमा, छातीवर नाव शिवलेला शर्ट. पीएफ हा शब्द ऐकला की मला भरून येतं. माझ्या वडिलांना तो कधी मिळाला नाही. मी वहिनींच्या बाजूने झालो.

भीती एकच होती. तिथे गाडी चालू करून काय बिघडलंय सांगा म्हणाले तर? म्हणून वहिनी सोबत आल्या; कुणी विचारलं तर पुढे आबिड्सला त्यांना कापड घ्यायचं आहे, असं सांगायचं ठरलं. मी बोलाचालीसाठी. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मशीन कानात होतं.

पण तिथे गिऱ्हाइकांना बसायची खोली काचेची निघाली. वहिनींना तिथल्या सोफ्यावर बसवलं, हातात थंड बाटली दिली आणि दार लागलं. पलीकडे पंधरावीस गाड्या चालू होत्या आणि काचेतून टाचणीचाही आवाज येत नव्हता. वहिनी उठल्या आणि त्यांनी काचेला कान लावला. शिपायाने त्यांना नम्रपणे पुन्हा बसवलं. अण्णांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मॅनेजर तरुण होता, वागायला चांगला होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो हिंदीत सगळं नीट सांगत गेला. पगार अठरा हजार. वर इन्सेंटिव्ह, म्हणजे दिवसात किती गाड्या हातावेगळ्या केल्या त्यावर, आणि गिऱ्हाइकाला पॉलिश, कोटिंग, ऑइलमध्ये घालायचं औषध किती विकलं त्यावर. हुशार पोरं यातच पगारीएवढे कमावतात, असंही त्याने सांगितलं.

अण्णांनी विचारलं, “और सुनता कौन?”

मॅनेजरला कळलं नाही. गाडीचा आवाज कोण ऐकतं, असं मी समजावून सांगितलं. तो हसला. म्हणाला, ऐकायचं काही नसतं. गिऱ्हाईक काय सांगतं ते बाहेरची मुलगी लिहून घेते, नव्या गाडीला मशीन जोडलं की पडद्यावर सगळं येतं, आणि जुनी असेल तर पार्ट बदलायचा. आत इतका गोंगाट असतो, की पोरं कानात बोळे घालूनच काम करतात.

मला मनातून आनंद झाला. जे लपवायला आम्ही तिघं आलो होतो ते लपवायची गरजच नव्हती. बहिरा माणूस इथे चांगल्या कानाच्या कुठल्याही माणसाइतकाच उपयोगी होता. मी अण्णांना खूण केली. पण अण्णा लाल झाले होते. नापास व्हायच्या तयारीने आलेल्या माणसाला परीक्षाच नसते असं सांगितलं, तर त्याचा जसा अपमान होईल तसा त्यांचा झाला होता. मग त्यांनी काचेकडे बोट केलं.

“इनको बैठने की जगह किधर?”

घरच्या माणसांना आत येऊ देत नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी भेटता येईल, असं मॅनेजर म्हणाला.

“लंच में गाड़ी चालू रहती?”

“नहीं अंकल, सब बंद.”

“तो क्या फायदा,” अण्णा म्हणाले आणि उठले.

मी मॅनेजरची माफी मागितली आणि त्यांच्या मागे धावलो. इतका संताप मला त्या बिर्याणीवाल्या तरुणाचाही आला नव्हता. अठरा हजार, पीएफ, विमा, आणि हा माणूस बायकोला स्टूल नाही म्हणून उठतो. वहिनी तर रागात माझ्याही पुढे होत्या. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरापर्यंत त्या अण्णांच्या मागे बसून त्यांच्या डाव्या कानात बोलत होत्या, आणि मी मागून गाडीवर येत असताना मला फक्त अण्णांची हलणारी मान दिसत होती. हौ, हौ, हौ. मशीन त्यांनी केव्हाच काढून खिशात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी गॅरेजात आल्या नाहीत. बरकतपुऱ्यातल्या घरूनच, ज्याला माझं ऐकायचं नाही त्याच्यासाठी मी ऐकणार नाही, एवढा निरोप त्यांनी माझ्याकडे दिला. मी तो मोठ्याने पोचवला. ऐकणं बंद झालं. ऐकायला येणारी प्रत्येक गाडी अण्णा परत पाठवत होते, आणि महिना संपत आला होता.

त्या आठवड्यात एका दुपारी मी खाली गेलो आणि चांगलाच रागावलो. म्हणालो, अण्णा, आता हट्ट पुरे. जागा गेली तर नोकरीही नाही आणि गॅरेजही नाही. तिकडे कानाची गरज नव्हती, एवढी सोय झाली होती. का उठलात?

अण्णा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्यांच्यापुढे कान न्यावा लागला.

“घरी ती बोलते ते मला लागत नाही, बीकॉम,” ते म्हणाले. “पंखा असतो, कुकर असतो. मी आपलं हौ हौ करतो. तिला कळतंय की मला लागलं नाही. मग ती बोलायचंच सोडून देते. इथं गाडी चालू झाली की ती उठून माझ्याजवळ येते. पाखडून दाखवते, वाटून दाखवते. इथलं तिचं एकन् एक बोलणं मला कळतंय. तिथं गेलो तर माझ्याशी कोण बोलणार?”

मग त्यांनी पाना उचलला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, की आज आबिड्सला सुट्टी आहे का, तुम्ही इथं काय करायलाव?

मी सरळ बरकतपुऱ्याला गेलो आणि वहिनींना शब्दन् शब्द सांगितला. त्या लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी त्यांनी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाल्या, “सगळ्या गल्लीला ओरडून सांगतात. एवढंच तेवढं हळू सांगायचं होतं का?”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण आधी घरमालकाकडे गेल्या. अर्धं शटर टिफिन सेंटरला, अर्धं गॅरेजला, भाडंही तसंच अर्धं-अर्धं, असं त्यांनी एका बैठकीत ठरवून टाकलं. एका बाजूला डोशाचं पीठ आणि एका बाजूला इंजिन ऑइल, मध्ये पत्र्याची भिंत. अण्णांनी यावरही आरडाओरडा केला. कमाई आणखी कमी होणार, हे ते ज्याला त्याला सांगत होते, आणि ते खरंच होतं. जागा इतकी अरुंद झाली, की वहिनींचं स्टूल गाडीला चिकटूनच ठेवावं लागलं.

भिंत उभी राहिल्यावर सकाळी मी कामावर निघालो तेव्हा त्या अर्ध्या गॅरेजात पहिलं गिऱ्हाईक आलं होतं. कुठल्याशा कंपनीचे डबे पोचवणारा, घाईतला. त्याने कुरकुरत पन्नास रुपये काढले आणि गाडी चालू केली. आवाज मलाही कळला. इतक्या दिवसांत मलाही शेंगदाणे ओळखू यायला लागले होते. वहिनी उठल्या, वाकल्या, अण्णांच्या कानाशी गेल्या. त्यांनी मूठ फिरवून वाटून दाखवलं. अण्णांनी मान हलवली. तरी वहिनी बोलत राहिल्या. त्यांचे हात आता ना वाटत होते, ना पाखडत होते. एक हात अण्णांच्या खांद्यावर होता.

“हो गया क्या, अन्ना?” डबेवाला चावीकडे हात नेत म्हणाला. “बंद करूँ?”

“नक्को,” अण्णा म्हणाले, आणि मग मराठीत, त्याला समजेल की नाही याची पर्वा न करता, “थांबा. ती बोलायलीय.”